रबरी गोळीत रबर किती? शॉटगनच्या काडतुसाची चाचणी अशी होते

'पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या' असं वाचलं की डोळ्यासमोर येतो खोडरबर. पण गोळी किती घातक आहे हे नावावरून कळत नाही, ते मोजावं लागतं. मी रोज सॉफ्टवेअर टेस्ट करतो, आणि तिथेही लेबलवर काय लिहिलंय याला फारसा अर्थ नसतो.

चिलीचंच बघा. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या भाडेवाढीवरून तिथे आंदोलन पेटलं. तिथले पोलीस, म्हणजे काराबिनेरोस, 12 बोअरच्या शॉटगन वापरत होते. एका काडतुसात 12 छोट्या गोळ्या. शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. मग रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या गोळ्या चिली विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी तपासल्या. रबर निघालं फक्त 20 टक्के! उरलेल्या 80 टक्क्यांत सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसं.

याने काय फरक पडतो?

पहिलं, कडकपणा. तो 'शोअर ए' या 0 ते 100 च्या मापावर मोजतात: ठरावीक टोकाची सुई दाबायची आणि ती किती रुतते ते बघायचं. या गोळ्यांचा आकडा आला 96.5, म्हणजे जवळपास स्केटबोर्डच्या चाकाइतका. मऊ गोळी आदळल्यावर चपटी होते आणि मार पसरतो. कडक गोळी आत घुसते.

दुसरं, वजन. बेरियम सल्फेट रबरापेक्षा चौपटीहून जड, शिसं तर दहापटीहून. ऊर्जेचं सूत्र शाळेतलंच: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. त्याच आकाराची गोळी दुप्पट जड केली की त्याच वेगाला ऊर्जा दुप्पट होते. शिवाय जड गोळीचा वेग हवेत लवकर कमी होत नाही.

वेग मोजतो क्रोनोग्राफ. ठरावीक अंतरावर दोन सेन्सर, गोळी त्यांच्यावरून जाते आणि मधला वेळ नोंदला जातो. फोनचा स्लो-मो इथे कामाचा नाही. सेकंदाला 100 मीटर वेगाची गोळी 240 फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्येच 40 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ती घुसते किती, हे बघायला जिलेटिनचा ठोकळा लागतो. पण त्यावर त्वचेसारखा थर नसेल तर निकाल दिशाभूल करू शकतो, कारण त्वचा फाटायलाच बरीच ऊर्जा लागते. आणि डोळ्यावर तर तेवढंही संरक्षण नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी सगळ्यात साधी आहे: वेगवेगळ्या अंतरांवर मोठा कागद लावायचा, गोळी झाडायची आणि भोकं मोजायची. जवळून झाडल्या तर गोळ्या एकत्र आणि जोरात लागतात. लांबून झाडल्या तर जोर कमी होतो, पण त्या एवढ्या पसरतात की पायावर नेम धरला तरी एखादी चेहऱ्याकडे जाऊ शकते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्यासुद्धा. म्हणजे 'सुरक्षित अंतर' असा एकच आकडा काढायला गेलं की गाडी अडते.

विद्यापीठाचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला. त्याच महिन्यात काराबिनेरोसनी आंदोलनं पांगवण्यासाठी या गोळ्या वापरणं थांबवलं.