भरतीच्या दिवशी ठणठणीत

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि त्यांच्या आठवणीसाठी ब्रिटिशांनी गावाला स्तंभ दिला. मेलेल्यांची नोंद अशी दगडावर झाली. हात गमावून, बहिरे होऊन, छातीत कायमचा खोकला घेऊन जे परतले त्यांची नोंद मात्र कागदावर झाली. जखम नोकरीमुळेच झाली का, आजार आधीपासूनच अंगात होता का, माणूस खरं बोलतो आहे का, अशा प्रश्नांना तो कागद शंभर वर्षं उत्तरं देत आला आहे.

संशय पहिल्या दिवसापासून होता. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या खंदकांतून हिंदी जखमी इंग्लंडला ब्रायटनच्या इस्पितळांत येऊ लागले. अनेकांच्या जखमा हातांवर होत्या. हे लोक घरी जायला मिळावं म्हणून स्वतःच गोळी मारून घेतात, अशी कुजबुज लष्करात सुरू झाली. तिथल्या किचनर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी कुजबुजीवर विसंबायचं नाही असं ठरवलं. त्यांनी एक हजार जखमांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९१५ मध्ये अहवाल लिहिला: स्वतःला जखमा करून घेण्याची साथ पसरल्याचा पुरावा नाही. हिंदी शिपायाच्या बाजूने उभा राहिलेला हा बहुधा पहिला मोठा वैद्यकीय दस्तऐवज. संशय आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम मात्र तिथे संपला नाही.

१९१७ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग हिंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी संस्था निघाली. तीच पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. लाकडी पाय आणि विणकामाचा माग देणारं पुणे या इतिहासात ठळक दिसतं. पण पाय द्यायला डॉक्टर पुरतो, पेन्शन द्यायला डॉक्टरचं मत लागतं. पायाच्या जागी पाय नाही हे कुणालाही दिसतं. फीट येणं, रक्तदाब, मन खचणं हे दिसत नाही, आणि खरी झुंज याच आजारांवरून झाली.

अपंगत्वाच्या पेन्शनच्या नियमाचा गाभा एका वाक्याचा आहे. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं असावं, आणि ते किमान २० टक्के असावं. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीत हेच होतं. ते ठरवतं मेडिकल बोर्ड. सेवेला लायक न राहिलेल्या जवानाला लष्करी इस्पितळात, म्हणजे जवानांच्या भाषेत ‘एमएच’मध्ये, बोर्डासमोर उभं करतात. तिथून घरी पाठवलेला माणूस ‘बोर्ड आउट’ झाला असं गावात म्हणतात. बोर्डाच्या छापील फॉर्ममध्ये त्याच्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता असतो: कुठून कुठवर, कोणत्या ठिकाणी, पीस (शांततेचं ठाणं) की फील्ड (आघाडीचा मुलूख). त्यापुढे रोग कधी सुरू झाला, भरतीआधी होता का, सेवेमुळे झाला का, बळावला का, टक्के किती. अपघात असेल तर वेगळा इंजुरी रिपोर्ट, आणि त्यावर कमांडिंग ऑफिसरचं म्हणणं की माणूस तेव्हा ड्युटीवर होता की नव्हता. हृदयविकाराचा झटका आला असेल तर त्याआधीच्या १४ दिवसांत त्याने नेमकं काय काम केलं, याची टिपणी युनिटकडून मागवली जाते. रात्रीचा पहारा, लांबची मार्च, सलग बंदोबस्त. हे सगळं कंपनीच्या क्लार्कने नीट लिहिलं की नाही, यावर एका कुटुंबाचं पुढचं आयुष्य ठरतं.

या सगळ्या कागदांत सर्वांत मोलाचा कागद सगळ्यांत जुना असतो. भरतीच्या दिवशी धावून, उंची-छाती मोजून, डोळे-कान-दात तपासून लष्कराच्याच डॉक्टरने शेरा दिलेला असतो: माणूस लायक. अपंगत्वाच्या पेन्शनबद्दलच्या १९८२ च्या नियमांनी या कागदाला मोठं वजन दिलं. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुढे ज्या रोगामुळे त्याला काढलं, तो सामान्यतः सेवेतच उद्भवला असं मानायचं. तपासणीत तो रोग सापडणं शक्यच नव्हतं असं बोर्डाला वाटत असेल, तर तशी कारणं लिहायची. हक्क सिद्ध करण्याचं ओझं जवानावर टाकायचं नाही, आणि संशयाचा फायदा त्याला द्यायचा. नियम वाचताना तो लिहिणाऱ्याला बराकीतलं आयुष्य ठाऊक होतं असं जाणवतं.

प्रत्यक्षात उलटं घडत राहिलं. बोर्डाच्या कागदावर एक ठरीव ओळ येई: रोग उपजत प्रकृतीचा, सेवेशी संबंध नाही. कारण कोरं. जिथे बोर्डाने जवानाच्या बाजूने लिहिलं, तिथेही कागद पुढे अलाहाबादला द्रौपदी घाटावरच्या पेन्शन कार्यालयात जाई, आणि जवानाला कधी डोळ्यांनी न पाहिलेला वैद्यकीय सल्लागार तिथे बसून टक्के कमी करी किंवा दावाच फेटाळी. जानेवारी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सॅपरच्या, म्हणजे इंजिनिअर्स दलातल्या जवानाच्या, खटल्यात या प्रथेला रोखलं. वरिष्ठ बोर्डाने माणसाला पुन्हा तपासल्याशिवाय हिशेबाच्या खात्याला बोर्डाचं मत डावलता येणार नाही, असं बजावलं. माणूस न तपासता त्याच्या शरीराबद्दल निकाल देणं चूक आहे हे सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागावं, हे आजही वाचताना मन खट्टू होतं.

त्या काळात अपंगत्वाचीही दर काही वर्षांनी फेरतपासणी होई. गावाकडून एसटी, मग रेल्वे, मग एमएचच्या व्हरांड्यात रांग, आणि टक्के २० च्या खाली आले की पैसे बंद. फेब्रुवारी २००१ च्या आदेशाने ही फेरी थांबली. कायमचं ठरलेलं अपंगत्व कायमचंच मानायचं ठरलं. त्याच्या आठवडाभर आधीच्या, जानेवारी अखेरच्या आदेशाने टक्क्यांची गणितंही बदलली. बोर्ड आउट झालेल्याचे ५० च्या आतले टक्के ५० धरायचे, त्यावर ७५ पर्यंत ७५, आणि त्यापुढे १००. डॉक्टरांच्या मापात थोडी कसर राहते हे शासनाने मान्य केलं.

मग २ जुलै २०१३. ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’. सिग्नल्स कोअरमध्ये जून १९८५ ला भरती झालेला शिपाई, एप्रिल १९९४ ला फीट येण्याच्या विकारामुळे बोर्ड आउट. टक्के २०, आणि शेरा तोच: सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचे कागद पुढे घेतले आणि साधा प्रश्न विचारला: भरतीच्या वेळी नोंद नाही, आणि रोग तेव्हा सापडू शकला नसता याची कारणंही बोर्डाने लिहिली नाहीत, तर भार जवानावर कसा? पेन्शन द्यावी लागली. त्या माणसाला घरी पाठवून १९ वर्षं झाली होती. निकालाने नवा नियम घडवला नाही, १९८२ चाच नियम मोठ्याने वाचून दाखवला. नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या पीठांपुढे, मुंबईतल्या पीठापुढेही, हा निकाल जवानांचा हक्काचा आधार झाला.

तरीही संरक्षण मंत्रालय अपिलात जात राहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात टक्के वाढवून धरण्याचा लाभ नियत वयाने निवृत्त झालेल्या अपंगांनाही मिळाला. पुढच्या वर्षी संरक्षणमंत्री असलेले गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. अपंग सैनिकांविरुद्ध चाललेल्या अपिलांवर त्या समितीने कडक शब्दांत बोट ठेवलं.

दुसरी बाजूही आहे. डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन, घेणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवलं. जीवनशैलीच्या आजारांवरून प्रश्न उठले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नवे नियम आले. गैरफायदा कुणी घेत असेल तर तो रोखायलाच हवा. पण अधिकाऱ्यांच्या या प्रमाणातून आणखी एक गोष्ट दिसते असं वाटतं. इंग्रजी फॉर्ममधला कोणता रकाना निर्णायक आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक असतं. दहावी शिकून भरती झालेला, माण-खटावच्या माळावरचा जवान दाखवलं तिथे सही करतो.

आणि एक काटा फारसा बोलला जात नाही. २००८ पासून लागू झालेल्या नियमांत ओझं जवानावर नाही हे तत्त्व राहिलं, पण एक अपवाद जोडला गेला. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला, आणि तोवर ठरलेली मुदत संपून सेवेची कागदपत्रं नष्ट झाली असतील, तर सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदाराची. कागद जाळायचा लष्कराने, आणि तो दाखवायचा म्हाताऱ्याने.

म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देणारे जुने सुभेदार पहिला प्रश्न विचारतात तो पत्र्याच्या ट्रंकेबद्दल. डिस्चार्ज बुक आहे का, एमएचमधून सुटताना मिळालेला कागद आहे का, बोर्डाची प्रत कधी मागितली होती का. ट्रंकेतून बहुतेक वेळा दोन फोटो, एक पदक आणि रेशनकार्ड निघतं. मग सुभेदार कोरा कागद पुढे ओढतात आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहू लागतात: भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची नक्कल मिळावी.