गाठीच्या लाकडाचा बाजार

पूल या खेळाच्या क्यूला, म्हणजे काठीला, गाठीचे लाकूड खेळाच्या दृष्टीने काहीच देत नाही. चेंडूला भिडणारा पुढचा निमुळता दांडा सहसा सरळ रेषांच्या साध्या मेपलचा असतो. मागच्या जाड भागावर ज्या अँबोयना, थुया किंवा रेडवुडच्या गाठीचे डोळे झळकतात, तिचे तंतू पिळवटलेले असतात. ते लाकूड सुकताना तडकते, ताण सोसत नाही आणि त्याचे वजन तुकड्यागणिक बदलते. म्हणून पुष्कळ कारागीर ते आतून कोरून पोकळीत मेपलचा गाभा चिकटवून बसवतात. भार गाभा पेलतो, गाठ फक्त दिसते. निव्वळ दिसण्यासाठी चालणाऱ्या या व्यापारात झाडांचा जो नाश झाला, त्याचा दोष नेहमी हौशी गिऱ्हाइकाच्या हावेवर टाकला जातो. मला तो दोष अपुरा वाटतो. गाठ म्हणजे झाडाला झालेला विकार, तो काढला तर बिघडते काय, ही समजूत हावेइतकीच घातक ठरली आहे.

या व्यापाराचा सर्वांत जुना तपशीलवार पुरावा रोमचा आहे. उत्तर आफ्रिकेतल्या ज्या झाडाला आज थुया म्हणतात, त्याच्या मुळाजवळच्या गाठीपासून रोमन श्रीमंत मेजे करवून घेत. रोमन लेखक थोरला प्लिनी पहिल्या शतकात या वेडाबद्दल लिहितो. सिसेरोने एका मेजासाठी 5 लाख सेस्टर्स मोजले होते, आणि ते मेज प्लिनीच्या काळीही शाबूत होते. वाघाचे पट्टे, चित्त्याचे ठिपके, मोरपिसाचे डोळे अशा नक्षीवरून प्रतवारी लागे. याच वर्णनात एक वाक्य जाता जाता येते: मॉरेटानियातल्या ज्या अँकोरेरियस डोंगरावर सर्वोत्तम लाकूड मिळे, तो आता रिकामा झाला आहे. सूचिपर्णी वृक्ष तोडल्यावर सहसा पुन्हा फुटत नाहीत. थुया फुटतो, आणि तो फुटतो बुंध्याच्या या गाठीतूनच. साधी तोड झाली असती तर झाड पुन्हा उभे राहिले असते. गाठ खणून नेल्यावर ती शक्यताच संपते.

क्यूच्या कारागिरांनी हा बाजार निर्माण केला नाही, तो त्यांना आयता मिळाला. रशियात जन्मलेल्या जॉर्ज बालाबुश्काने 1959 पासून ब्रुकलिनमध्ये ज्या क्यू घडवल्या, त्यांचे सौंदर्य मुख्यतः मेपलमध्ये बसवलेल्या गडद लाकडाच्या टोकदार पाचरींत होते. 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात त्याचे नाव गाजले आणि हाताने घडवलेल्या क्यूंची हौस वाढली. मग वेगळेपणासाठी गाठी पुढे आल्या. सुमारे दीड इंच चौरस आणि फूट-दीड फूट लांबीच्या कांड्या विकल्या जाऊ लागल्या.

इथे कारागिरांची बाजू रास्त वाटते: एका क्यूला लाकूड लागते तरी किती? मेजाच्या तुलनेत चिमूटभर. शिवाय कायदा आहेच. ब्राझीलची शिसवी 1992 मध्ये वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. 2017 पासून, आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीसकट, त्या प्रजातीतल्या बाकी सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. पण असा कायदा जात पाहतो, जागा पाहत नाही. कॅलिफोर्नियातला रेडवुड त्या यादीत नाही; खासगी जमिनीवरच्या जुन्या खोडाची गाठ विकणे तिथे वैध आहे, राष्ट्रीय उद्यानातल्या जिवंत वृक्षाची गाठ कापणे हा गुन्हा आहे. कांडी झाल्यावर दोन्हींत फरक उरत नाही. म्हणजे क्यूला थोडे लाकूड लागते, हा बचाव उलटतो: जितका तुकडा लहान, तितके त्याचे मूळ लपवणे सोपे. 2014 मध्ये रेडवुड उद्यानातल्या न्यूटन ड्रुरी रस्त्यावरची रात्रीची वाहतूक बंद करावी लागली, कारण चोर अंधारात करवती घेऊन येत आणि गाडीत गाठी भरून नेत. तिथेही बुंध्याच्या गाठीत सुप्त कोंब असतात. आग लागली किंवा खोड पडले की नवा वृक्ष त्यातून उठतो.

म्हणून गाठ वापरूच नये, असे मी म्हणणार नाही. पूर्वीच्या तोडीनंतर मागे राहिलेल्या मेलेल्या खोडांतून उत्तम नक्षी निघते, आणि तिच्यावर हात बसलेला कारागीर मला आदरणीय वाटतो. मात्र वखारीत आजही भाव ठरतो तो डोळ्यांच्या दाटीवर आणि रंगावर, प्लिनीच्या काळी ठरत असे तसाच. कांडी कुठल्या खोडाची, कोणाच्या जमिनीवरची आणि कोणी कापलेली, याचा लेखी दाखला देणाऱ्या विक्रेत्याला त्याबद्दल चार पैसे जास्त मिळायला हवेत, आणि ते देण्याची ताकद क्यू घडवणाऱ्यांकडे आहे. त्यांच्या गिऱ्हाइकाला तर बनवणाऱ्याचे नाव आणि साल विचारायची सवय आधीपासूनच आहे.