पान आधी मुलांसमोर ठेवा

मराठी मुलाच्या हाती जाणारं पान आधी पारखून घ्यायचं, ही रीत संगणकाच्या फार आधीची आहे. कुकडी नदीच्या काठचं माझं गाव बोरी बुद्रुक आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत मी बरीच वर्षं शिकवलं. शैक्षणिक संकेतस्थळांबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या रीतीचा इतिहास सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत ही रीत मध्येच तुटली, आणि ती पुन्हा जोडायला गावोगावच्या शिक्षकांना हात लावावा लागला.

पूर्वी मराठी लिहायला वापरत त्या मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा नसे, विरामचिन्हं नसत. डोक्यावरची रेघ आधी ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. सराईत कारकुनाला ते जमे, पण नवख्या मुलाला शब्द कुठे संपला हेच कळत नसे. शाळेची पुस्तकं छापायची वेळ आली तेव्हा बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी निवडली गेली. मेजर थॉमस कँडीने 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक काढलं आणि स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह मराठी पानावर रुळू लागली. वाचणाऱ्याने कुठे थांबायचं हे पानानेच सांगावं, हा त्यामागचा विचार. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या ठशांनी देवनागरीला असं वळण दिलं की ते अक्षर कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. पहिलीच्या पानावर अक्षर केवढं असावं, एका ओळीत किती शब्द, चित्र मजकुराच्या कुठल्या बाजूला, हे ठरवायला समित्या बसू लागल्या आणि त्यांत वर्गात शिकवणारे शिक्षकही असत. छापील पानाला अशी शंभरहून अधिक वर्षांची शिस्त लागली होती.

मग आंतरजाल आलं आणि ही शिस्त एका झटक्यात मागे पडली.

सुरुवातीच्या मराठी साईट्सवर अक्षर म्हणजे नुसतं सोंग होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी असे फाँट असत. आतमध्ये साठवलेली असत इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले. तुमच्या संगणकात नेमका तोच फाँट असला तर धडा दिसे, नाही तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा. असा मजकूर शोधून सापडत नसे, एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवता येत नसे. दृष्टिहीन मुलासाठी मोठ्याने वाचणारं यंत्र तोच चुरा वाचून दाखवी. वास्तविक सगळ्या लिपींची अक्षरं एकाच पद्धतीने साठवणाऱ्या युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने भारतीय लिपींवर त्याआधीपासून काम चालवलं होतं. प्राध्यापक र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर घरोघर पोहोचला. 1 मे 2003 ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरी कचेऱ्या आणि छापखाने जुन्या फाँटांना धरून राहिले, कारण त्यांच्या टंकलेखकांचे हात त्याच कळफलकाला सरावले होते.

युनिकोड आलं म्हणजे सगळं सुटलं असंही झालं नाही. 2009 साली शासनाने मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवलं. त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. पहिलीचं मूल पाटीवर तेच गिरवतं. पण बऱ्याच फाँटांत हिंदीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘श’ येतो. मोठ्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. नुकतंच वाचायला लागलेलं मूल मात्र अडतं आणि विचारतं, “बाई, हे कोणतं अक्षर?” फाँट नीट निवडला आणि ‘हे पान मराठी आहे’ एवढी खूण पानाच्या आत घातली, तर हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. दुसरी अडचण ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतल्या अर्ध्या ‘र’ची. तो आतून दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण साईटच्या शोधाने दोन्ही एकच मानले नाहीत तर ‘दऱ्या’ शोधणाऱ्या मुलाला ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. धडा तिथंच असतो. मुलाला वाटतं, आपलंच काही चुकलं. हे मला कधीच मान्य झालं नाही.

22 जून 2015 च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास लोकवर्गणीतून झेडपीच्या शाळांत प्रोजेक्टर, टॅब येऊ लागले. शिक्षक स्वतः धडे बनवू लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकात क्यूआर कोड छापले, आणि 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. 2017 मध्ये देशभरासाठी ‘दीक्षा’ हे डिजिटल धड्यांचं व्यासपीठ आलं. पुस्तकातल्या त्या क्यूआर कोडाचं मोल मला चकचकीत तंत्रज्ञानापेक्षा वेगळ्या कारणासाठी वाटतं. मुलाला पत्ता टंकावा लागत नाही, शोधावं लागत नाही. हातातलं ओळखीचं पुस्तक त्याला नेमक्या जागी नेऊन पोहोचवतं. वापरणाऱ्याचे कष्ट कमी करणं म्हणजे काय, हे यातून शिकावं.

तोवर साईट बघायची वस्तूही बदलली होती. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि शाळेतल्या संगणकाची जागा घरातल्या फोनने घेतली. 2020 साली करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे घरात एक फोन आणि भावंडं दोन-तीन, असा हिशेब होता. वडील पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाले की फोन त्यांच्याबरोबर जाई. मुलांच्या वाट्याला तो रात्री येई. अशा घरासाठी चांगली साईट कशी हवी? कालचं जिथं सोडलं तिथूनच उघडणारी. भावंडांची कामं एकमेकांत न मिसळणारी. मुलाच्या हाती शाळेचा टॅब असताना वडिलांच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीसाठी न अडणारी. पुस्तकाच्या आकाराची पीडीएफ फोनवर टाकली की प्रत्येक ओळीसाठी बोटांनी पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. मजकूर फोनच्या रुंदीला आपोआप बसावा, त्याच्यापुढे रंगीबेरंगी सजावटीला काही किंमत नाही. फिक्या हिरव्या रंगातली अक्षरं कचेरीत छान दिसत असतील, पण शाळेच्या ओसरीवर उन्हात ती दिसतच नाहीत.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी सांगून ठेवलंय की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक दोष उघडे पडतात. आमची पद्धत त्याच वाटेची. चार-पाच मुलं घ्यायची, त्यांत वाचनात मागे असलेलं एक हवंच. समजावून काहीही सांगायचं नाही. अमुक धडा काढ, बंद कर, परत तिथंच ये, आणि काय वाचलंस ते सांग. आपण फक्त बोट कुठे जातं ते बघायचं. बोट थांबलं की समजावं, दोष पानात आहे.

पण पान सहज उघडलं म्हणून ते चांगलं शिकवतं असं नाही. इथं मला माझं गावच उदाहरणाला घ्यावं लागतं. कुकडीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते, तिच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांमुळे बोरीचं नाव जगभरच्या पुरातत्त्वात गेलं. या राखेचं वय 1989 साली सुमारे 14 लाख वर्षं सांगितलं गेलं. पुढे एका मोजणीत ते 6 लाख 70 हजारांच्या आसपास आलं. काही अभ्यासकांनी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी ती जोडली. आता एखाद्या पानाने यातला एकच आकडा ठळक छापून दिला, तर ते कितीही देखणं असो, मुलाला चुकीचं शिकवतं. जे पान तिन्ही आकडे देतं, कोणी कशाच्या आधारे मोजलं ते सांगतं आणि वाद कुठे आहे ते दाखवतं, त्यावर मुलं भांडतात, प्रश्न विचारतात. मतभेद मांडायला जागा ठेवणं हेही पानाच्या मांडणीचंच काम आहे.

आणि त्या पानापर्यंत मूल पोहोचावं कसं? ‘बोरी’ नावाची गावं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. कागदोपत्री आमचं गाव कधी ‘बोरी बु.’, कधी ‘बोरी बुद्रुक’. मुलं आता फोनपुढे बोलून शोधतात. ती पूर्ण नाव बोलतात, आणि साईटवर संक्षिप्त नाव असेल तर काहीच हाती लागत नाही. दोन्ही रूपं, तालुका, जिल्हा आणि नदी पानावर लिहिली की काम होतं. त्याला खर्च काहीच नाही, फक्त गावातलं मूल डोळ्यांसमोर असावं लागतं.

म्हणून शिक्षण खात्याकडे, आणि मराठीतून धडे बनवणाऱ्या प्रत्येकाकडे माझं मागणं साधं आहे. पान प्रसिद्ध करण्याआधी ते एखाद्या वाडीवरच्या शाळेत, जुन्या फोनवर, अर्ध्या रेंजमध्ये मुलांना वापरायला द्या. लिहिणाऱ्याचं नाव, शेवटचा बदल केल्याची तारीख आणि चूक कळवायची जागा पानावरच ठेवा. पाठ्यपुस्तकात समितीच्या सदस्यांची नावं छापतात, ती जबाबदारीची सही असते. तशीच संकेतस्थळावरही एक ओळ हवी: हे पान कोणत्या शाळांतल्या मुलांनी वापरून पाहिलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं. ज्या पानाला ही ओळ लिहिता येत नाही, ते मुलांसाठी अजून तयार झालेलं नाही.