अकृष्टपच्य : नांगराआधीच्या ताटाची कहाणी

राजांच्या सनदा उरतात, लढायांच्या बखरी उरतात. चुलीवर काय शिजले होते, हे सांगणारा कागद मात्र सहसा कोणी जपून ठेवीत नाही. म्हणून अन्नाचा इतिहास शोधू पाहणाऱ्याला दप्तरखान्याइतकेच सणवारांकडेही वळावे लागते. अमुक दिवशी अमुक खावे, अमुक खाऊ नये, या विधिनिषेधांत कधी कधी फार जुन्या काळाची आठवण गोठून राहिलेली असते. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, मराठी घरांतून शिजणारी भाजी हे अशा आठवणीचे ठळक उदाहरण आहे. बैलाच्या श्रमाने पिकलेले त्या दिवशी खायचे नाही, हा त्या भाजीचा नियम. गहू नाही, ज्वारी नाही, शेतातला तांदूळ नाही, डाळ नाही. परसातील पाला, कंद, फळभाज्या आणि वर ओल्या नारळाचा चव.

या भाजीकडे आज नव्याने पाहावेसे वाटते, याला एक कारण आहे. 'पॅलिओ' या नावाने ओळखली जाणारी आहारपद्धती आता आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही बोलली जाऊ लागली आहे. धान्य, कडधान्य, साखर आणि दूधदुभते टाळून भाज्या, फळे, कंद, मांस, मासे आणि नारळ यांवर राहावे, असे तिचे थोडक्यात स्वरूप. अमेरिकेतील बॉइड ईटन व मेल्विन कॉनर या दोघा अभ्यासकांनी १९८५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात अश्मयुगीन आहारावर निबंध लिहिला आणि या कल्पनेला वैद्यकीय व्यासपीठ मिळाले. पुढे २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तिला घरोघर नेले. शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली, मनुष्यदेह मात्र त्याहून कितीतरी जुना, तेव्हा देहाला शेतीआधीचे अन्नच मानवते, हा त्यामागचा युक्तिवाद.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण पुरातत्त्वाचा पुरावा इतका सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर केव्ह या गुहेत सुमारे एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वीचे, चुलीत जळून कोळसा झालेले कंद सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कंद भाजून खाणे खरोखरच अतिप्राचीन आहे. परंतु गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर रानटी सातूच्या पिठाचे कणही सापडले आहेत. शेती सुरू होण्याच्या दहा हजारांहून अधिक वर्षे आधी माणूस धान्य दळीत होता. तेव्हा अश्मयुगीन माणूस धान्याला शिवत नव्हता, असे म्हणता येत नाही. मिळेल ते तो खात होता, आणि काय मिळेल हे प्रदेशावर व ऋतूवर अवलंबून होते.

आपल्या परंपरेने ही सीमारेषा कुठे आखली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. आपण ती धान्य आणि अधान्य यांच्यामध्ये आखली नाही. नांगरलेले आणि न नांगरलेले यांच्यामध्ये आखली. तैत्तिरीय संहितेतील चमकात यजमान ज्या गोष्टी मागतो, त्यांत 'कृष्टपच्य' आणि 'अकृष्टपच्य' अशी दोन्ही नावे जोडीने येतात. नांगरून पिकलेलेही मिळो आणि न नांगरता पिकलेलेही मिळो. तेथील धान्यांच्या यादीत तांदूळ आणि जव यांच्याबरोबर नीवार, म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारा रानतांदूळही आहे. वैदिक गृहस्थाला दोहोंपैकी एकाचा त्याग करायचा नव्हता. त्यागाची भाषा नंतर आली, आणि ती वानप्रस्थासाठी आली. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनात राहणाऱ्याला सांगितले आहे, की फाळाने नांगरलेल्या जमिनीतले, कोणी टाकून दिलेले असले तरी, खाऊ नये. आणि भुकेने व्याकूळ झाला तरी गावात पिकलेली कंदमुळे व फळेही खाऊ नयेत. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची खूण पटते, तीही झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून.

ऋषीची भाजी या ऋषीच्या अन्नाची आठवण आहे, हे उघड आहे. पण नियमाचे शब्द नीट वाचले, तर एक गंमत ध्यानात येते. मनूच्या वानप्रस्थाला परसातली भाजीही चालली नसती, कारण ती गावातली! आपल्या आज्या-पणज्यांनी हा नियम वनातून उचलला आणि अंगणात आणून लावला. बैलाऐवजी आपल्या हाताने खुरप्याने उकरलेल्या वाफ्यात जे आले, ते त्यांनी चालवून घेतले. अरण्यातील तापसाचा कठोर निषेध गृहिणीने असा परसबागेचा नियम केला. हे भाषांतर कोणत्याही ग्रंथकाराने केलेले नाही. ते स्वयंपाकघरात घडले आहे.

असा नियम केवळ मराठी घरांपुरता नाही. माळवा आणि बुंदेलखंड या भागांत भाद्रपदात येणाऱ्या हलषष्ठीला, म्हणजे हरछठीला, स्त्रिया नांगरलेल्या शेतातील अन्न वर्ज्य मानतात आणि पसईचा तांदूळ शिजवतात. ग्वाल्हेर-इंदूरकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना शेजारच्या अंगणात हा सण दिसतो, तेव्हा आपल्या ऋषिपंचमीचे ते भावंड वाटावे, इतके दोहोंत साम्य आहे. गोमंतकात तर ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधली जाते. नारळ, सुपारीचे घोस, अंबाडे, निरफणस, कांगलां, कवंडळ अशा परसातल्या आणि रानातल्या फळांचे ते छतच असते. पावसाळ्यातील डोंगराने जे दिले त्याची ती जणू वर्षातून एकदा मांडलेली यादी. सांग्यातील कुशावती नदीच्या काठी उसगळीमळ येथे जांभ्या कातळावर कोरलेली जनावरे आणि माणसे १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणाऱ्यांच्या पोटात काय गेले, हे कातळ सांगत नाही. मात्र त्याच सड्यांच्या आजूबाजूला पहिल्या पावसाबरोबर टाकळा, कुर्डू, फोडशी अजून उगवते आणि ती ओळखणाऱ्या बायका अजून आहेत.

आता प्रत्यक्ष भाजीकडे वळू. अळू, सुरण, माठाचे देठ, पडवळ, दोडका, काकडी ही मंडळी या भूमीवर किंवा तिच्या आसपासच्या आशियात फार पूर्वीपासून नांदत आली आहेत. परंतु त्याच पातेल्यात मक्याचे कणीस पडते, लाल भोपळ्याच्या फोडी पडतात, हिरवी मिरची पडते. हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ते आपल्याकडे असणे संभवत नव्हते. भेंडीचे मूळ बहुतेक अभ्यासक आफ्रिकेकडे नेतात. उपासाच्या इतर पदार्थांची कथाही अशीच. रताळे, बटाटा आणि शेंगदाणे अमेरिकेतून आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिथलाच, आणि त्याचा धंदा तमिळनाडूतील सेलमकडे १९४० च्या दशकात उभा राहिला. 'बटाटा', 'काजू', 'अननस' हे शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्या तोंडी आले. तेव्हा ऋषीच्या नावाने शिजणाऱ्या या भाजीतील निम्मे जिन्नस कोणत्याही ऋषीने पाहिलेले नव्हते.

यामुळे ती भाजी खोटी ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. परंपरेने जिन्नसांची यादी जपली नाही, कसोटी जपली. नवी भाजी दारात आली, तेव्हा ती कोणत्या देशाची हे कोणी विचारले नाही. बैलाला न जुंपता ती वाढते काय, एवढेच पाहिले. मका आणि भोपळा या कसोटीला उतरले आणि पंगतीत बसले. प्राचीनतेचा असा उदार अर्थ आजच्या आहारशास्त्रीय प्रचारात क्वचितच आढळतो.

नारळाची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक बोलकी आहे. पॅलिओच्या पाककृतींत नारळ जणू आदिमानवाच्या हातचे फळ म्हणून येतो. वस्तुतः आपल्याकडील नारळ हा लागवडीचा, मालकीचा आणि दानाचा वृक्ष आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार जगातील नारळांची दोन मोठी कुळे आहेत, एक प्रशांत महासागराकडचे आणि दुसरे हिंदी महासागराकडचे. माणसाने ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवली. आपल्या किनाऱ्याचा लेखी पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दिलेल्या दानांत नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचा उल्लेख आहे. एवढी झाडे आपोआप उगवत नाहीत. ती कोणीतरी लावलेली, पाणी घातलेली, राखलेली असतात. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात नारळावर स्वतंत्र संवाद आहे, कारण तोवर तो किनाऱ्याच्या अर्थव्यवहाराचा कणा झाला होता. बैल नसला तरी नारळामागे श्रम होतेच. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा श्रम कोणत्याही व्रताने वर्ज्य मानलेला नाही, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

श्रमाचा विषय निघाला की ऋषिपंचमीची कहाणी आठवते. पूर्वजन्मीच्या दोषामुळे नवरा-बायको आपल्याच मुलाच्या घरी बैल आणि कुत्री होऊन जन्मतात. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी बैल उपाशीपोटी राबतो. खिरीत सापाने टाकलेले गरळ पाहून कुत्री ती उष्टावते, इतरांचे प्राण वाचवते आणि मार खाते. रात्री दोघे गोठ्यात एकमेकांना दुःख सांगतात. मुलगा ते ऐकतो आणि ऋषींना उपाय विचारतो. कहाणीतला दोष मात्र स्त्रीच्या माथी आहे. रजस्वला असताना ती घरात वावरली, एवढाच तो. ज्या निसर्गधर्मामुळे माणसाचा वंश चालतो, त्याला पाप ठरवणारा हा भाग आज कोणाही विचारी घराने पुढे चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्याच कहाणीत दुसरे एक सत्य आहे, आणि ते हरवता कामा नये. ज्याच्या मानेवर आपण जू ठेवतो तो आपला बाप असू शकतो. देशावर आणि विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा होतो. त्यानंतर पाचच दिवसांनी ही पंचमी येते. आधी बैलाला विश्रांती द्यावी आणि मग एक दिवस त्याचे श्रम आपण खाऊ नयेत, असा हा क्रम आहे. येथे देहशुद्धीपेक्षा ऋणाची जाणीव मोठी आहे. पॅलिओच्या ताटात खाणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार आहे. ऋषीच्या भाजीत, निदान एका दिवसापुरता, राबणाऱ्याचाही आहे.

न नांगरलेल्या अन्नाची एक काळी बाजूही इतिहासाला माहीत आहे. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सुमारे इसवीसनपूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, तशी तेथील शेतकऱ्यांची घरे लहान झाली आणि ते अधिकाधिक पशुपालन व शिकारीकडे वळले, असे निष्कर्ष म. के. ढवळीकर यांनी मांडले. शेतीकडून मागे जाणे ही त्यांची निवड नव्हती. तो नाइलाज होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतिविषयक खंड १८८६ मध्ये निघाला. त्यासाठी गोमंतकीय डॉक्टर जुझे कामील लिस्बोआ यांनी केलेल्या कामात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही नोंद आहे. रानातले कंद कोणासाठी व्रत असतात, कोणासाठी औषध, आणि कोणासाठी पोट भरण्याचा शेवटचा आधार. कातकरी, वारली, गोव्यातील गावडे-वेळीप यांच्या घरांत कडू कंद पाण्यात मुरवून आणि उकडून त्याचे विष कसे काढावे, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती शेवटच्या कारणासाठी. शहरातील नव्या हौसेने या विद्येला नुसते 'आरोग्यदायी' म्हणून पुरणार नाही. ती ज्यांनी जपली त्यांची नावे आणि त्यांची राने यांचाही हिशेब ठेवावा लागेल.

आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या मराठी घरांना या भाजीचे आणखी एक महत्त्व आहे. वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत कोकणातले अळू आणि ओला नारळ सहज मिळेलच, असे पूर्वी नव्हते. मग सुके खोबरे आले, शेजारच्या बाजारातली पालेभाजी आली. पदार्थ बदलला, नियम राहिला. भाषेचेही असेच झाले. शेजारचे शब्द आत आले, वाक्य मराठी राहिले. म्हणून ऋषीच्या भाजीत काय घालावे याची शुद्ध यादी शोधण्यात फारसा अर्थ नाही. ती कोणी पिकवली, कोणाच्या श्रमावर ताट उभे आहे, एवढा प्रश्न वर्षातून एक दिवस घरात विचारला जावा. आणि तो विचारताना कोणत्याही स्त्रीला दोषी धरावे लागू नये. तेवढे साधले तर नांगराआधीच्या ताटाची ही आठवण आपण नीट सांभाळली असे होईल.