पिट्सबर्गचा बावन्न नंबर

7 जानेवारी 1979. अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या मिळून जिथे ओहायो होते, त्या काठावरच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये तुम्ही उभे आहात. वरून जे पडतंय तो धड पाऊस नाही, धड बर्फही नाही. भोवती पिवळे टॉवेल गरगर फिरवणारी पिट्सबर्गची माणसं आहेत, पोलादाच्या कारखान्यांवर पोसलेल्या गावाची. खेळ अमेरिकन फुटबॉलचा: गावाचा संघ स्टीलर्स, समोर ह्यूस्टन ऑयलर्स. आज जिंकलं की सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना.

सगळ्यांची नजर टेरी ब्रॅडशॉवर आहे, कारण चेंडू तोच फेकतो. तुम्ही मात्र त्याच्या पुढ्यात वाकून बसलेल्या माणसाकडे बघा. नंबर 52, माइक वेब्स्टर, वय 26. एवढ्या गारठ्यात त्याचे दंड उघडे आहेत. समोरच्याला पकडायला कापड मिळू नये म्हणून बाह्या वर घट्ट बसवलेल्या. बाकीचे खेळाडू घोळक्यातून चालत रेषेवर येतात, हा धावत येतो. प्रत्येक वेळी, अगदी सामना संपत आला तरीही.

त्याच्या जागेचं नाव सेंटर. काम ऐकायला सोपं आहे: जमिनीवरचा चेंडू दोन पायांमधून मागे ब्रॅडशॉच्या हातात द्यायचा. पण चेंडू सुटला त्याच क्षणी समोरचा शंभर-सव्वाशे किलोचा गडी अंगावर येतो, आणि सेंटरचा एक हात अजून मागेच असतो. मग पुढे काय जातं? डोकं. ह्यूस्टनकडे या कामासाठी कर्ली कल्प आहे, कॉलेजात असताना हेवीवेट गटात राष्ट्रीय कुस्ती जिंकलेला. अशा माणसाला थोपवायचं तर पहिली धडक आपली हवी, असं वेब्स्टर मानतो.

तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे, त्याला काहीच नाही. म्हणून जरा मैदानाच्या कडेला जा आणि फक्त आवाज ऐका. हेल्मेटवर हेल्मेट. कोणी कोसळत नाही, स्ट्रेचर येत नाही. खेळ वीस-तीस सेकंद थांबतो, आणि पुन्हा तोच आवाज. सामन्यात एका संघाच्या अशा साठ-सत्तर चाली होतात. आठवडाभराच्या सरावातल्या धडका वेगळ्या, उन्हाळी शिबिरातल्या त्याहून वेगळ्या. समोरच्याच्या कानशिलावर पंजाने थप्पड मारणंसुद्धा दोनच वर्षांपूर्वीपर्यंत नियमात बसत होतं.

हेल्मेट कवटी वाचवतं, आणि ते काम ते चोख करतं. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसा तो आतल्या आत आपटतो. बसला ओरखडाही उठत नाही. पडून बेशुद्ध झालेला खेळाडू सगळ्यांना दिसतो, डॉक्टर धावतात. वेब्स्टरला लागणारा मार मोजणारं कोणी नाही, कारण त्याला मार म्हणायची पद्धतच नाही. त्याला खेळ म्हणतात.

आज पिट्सबर्ग 34-5 ने जिंकेल. दोन आठवड्यांनी सुपर बोलही. वेब्स्टरच्या वाट्याला एकूण चार सुपर बोल येणार आहेत.

हा माणूस आला कुठून, तेही बघून घ्या. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातलं टोमाहॉक, बटाट्याची शेती, कष्टाचं घर. 1974 च्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत स्टीलर्सनी त्याला पाचव्या फेरीत घेतलं, म्हणजे जवळजवळ दुर्लक्षितच. वजन कमी, उंची बेताची. त्याच वर्षी त्या संघाने लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट आणि जॉन स्टॉलवर्थ यांनाही घेतलं, आणि हे चौघेही पुढे त्या खेळातल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एकाच संघाने एकाच वर्षी केलेली अशी निवड त्या खेळात आजही दाखला म्हणून सांगतात. अंगात जे कमी होतं ते वेब्स्टरने मेहनतीने भरून काढलं. सलग 177 सामने तो एकदाही बाहेर बसला नाही. गावाने त्याला ‘आयर्न माइक’ म्हटलं. त्या कौतुकात खोट नव्हती. पण जे गाव दर रविवारी त्याला उभं राहताना बघून खूश होत होतं, त्याने हा माणूस कधी बसायलाही हवा असा विचार केला नाही. मी त्यात तिथल्या डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांनाही धरतो.

पंधरा हंगाम पिट्सबर्गमध्ये, दोन कॅन्सस सिटीत. 245 सामने. 1991 च्या वसंतात तो निवृत्त होतो. वय 38.

आता 26 जुलै 1997. ओहायोतलं कँटन, हॉल ऑफ फेमच्या पायऱ्या. ऊन आहे. त्याची ओळख करून द्यायला खुद्द ब्रॅडशॉ उभा आहे आणि तो मनापासून, घसा फोडून बोलतोय. शेवटी तो चेंडू मागवतो. एकदा, शेवटचं एकदा. सुटाबुटातला वेब्स्टर वाकतो, पायांमधून चेंडू मागे देतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तुम्हीही वाजवाल, आवरणार नाही.

मग वेब्स्टर बोलायला लागतो. पहिली दोन-चार वाक्यं नीट जातात. पुढे एक विषय अर्धा राहून दुसरा सुरू होतो, दुसऱ्यातून तिसरा फुटतो. ठरलेली वेळ केव्हाच उलटली आहे, वीस मिनिटं होत आली, तो थांबत नाही. जुने सहकारी एकमेकांकडे बघतात, मग जमिनीकडे. त्यांच्या रांगेत उभे राहा, म्हणजे कळेल: इथे ज्यांना कळायला हवं त्या सगळ्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलेलं आहे.

यापुढची काही वर्षं बघवणार नाहीत. तरी बघा.

पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनावर बाकड्यावर झोपलेला, कधी आपल्या पिकअप ट्रकमध्येच राहणारा हा तोच माणूस. ट्रकची खिडकी फुटली तर कचऱ्याची पिशवी लावून भागवायचं. अंगभर दुखतं, झोप लागत नाही. मग तो टेझर, म्हणजे पोलिस वापरतात ते विजेचा झटका देणारं यंत्र, स्वतःच्याच अंगाला लावून घेतो, शुद्ध हरपेपर्यंत, म्हणजे तेवढी तरी झोप मिळते. दात पडले की सुपरग्लूने चिकटवतो. वह्याच्या वह्या भरून पत्रं लिहितो, बायकोला, मुलांना, वकिलाला. ओळी सरळ सुरू होतात आणि पानाच्या मध्यावर भरकटतात. चार मुलांचा संसार मोडला आहे. पैसे गेले आहेत. 1999 मध्ये रिटालिनच्या खोट्या चिठ्ठ्या केल्याबद्दल त्याच्यावर खटला होतो. ते औषध तो नशेसाठी घेत नव्हता. डोकं थोडा वेळ तरी जागेवर राहावं म्हणून घेत होता.

अशा माणसाजवळ कोण उरतं? एक वकील, एक-दोन दोस्त आणि शाळकरी वयातला एक मुलगा, जो बापाला जेवण आणि औषधाची आठवण करून देतो. ही गोष्ट सांगताना त्या मुलाचा उल्लेख सहसा एका ओळीत संपतो. माझ्या लेखी चारही सुपर बोलपेक्षा ते काम मोठं आहे.

24 सप्टेंबर 2002 ला पिट्सबर्गच्या हॉस्पिटलात हृदयविकाराने वेब्स्टर जातो. वय 50.

त्याच आठवड्याच्या अखेरीस कॉरोनरच्या शवविच्छेदनगृहात या. टेबलाशी डॉ. बेनेट ओमालू आहेत, नायजेरियात जन्मलेले, चौतिशीला टेकलेले. सकाळपासून टीव्हीवर वेब्स्टरचं नाव गाजतंय, पण यांना फुटबॉल कळत नाही, नावही नवं. नियतीने इथे फार चांगला माणूस नेमला असं मला वाटतं, कारण ज्याला दंतकथाच माहीत नाही त्याला फक्त शरीर दिसतं. जवळ जाऊन तेही बघा: कपाळावर, हेल्मेट टेकायचं तिथे, कातडी घट्टे पडून जाड झालेली. तळपायांना भेगा.

मेंदू मात्र बाहेरून निरोगी दिसतो. आकार ठीक, सुरकुत्या ठीक, कुठे रक्तस्राव नाही. दुसऱ्या कोणी तिथेच फाईल मिटली असती. ओमालू मेंदू ठेवून घेतात, त्याचे पातळ काप करून घेतात, त्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी गुंते दिसतात. टाऊ नावाचं प्रथिन एरवी चेतापेशींचा आतला सांगाडा सांभाळतं, इथे ते सुटून पेशीतच गोळा झालंय. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत असा आजार डॉक्टरांना माहीत होता, 1928 पासून त्यावर लिहिलं जात होतं. फुटबॉलपटूच्या मेंदूत तो कोणी शोधलाच नव्हता. 2005 मध्ये ओमालू आणि सहकाऱ्यांचा लेख ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात आला. आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, सीटीई.

व्यावसायिक फुटबॉलच्या लीगची, म्हणजे एनएफएलची, या विषयावर स्वतःची समिती होती, 1994 मध्ये नेमलेली. बरीच वर्षं तिचे अध्यक्ष होते एक संधिवाततज्ज्ञ. या समितीच्या डॉक्टरांनी लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. तो मागे घेतला गेला नाही. पुढे आणखी खेळाडू गेले. 2011 मध्ये डेव्ह ड्यूअरसनने छातीत गोळी झाडून घेतली आणि मेंदू संशोधनाला द्या असं लिहून ठेवलं. 2017 मध्ये अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने व्यावसायिक खेळाडूंचे 111 मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई निघाला. हे मेंदू बहुतेक त्रास पाहिलेल्या कुटुंबांनीच दिले होते, म्हणून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण यावरून काढता येत नाही. पण एवढे एकाच जागी सापडतात, हेही थोडं नाही.

शेवटचा मुक्काम मागे आहे. बाल्टिमोर, लीगच्या खेळाडूंच्या निवृत्तिवेतन योजनेचं कार्यालय, साल 1999. मंडळावर मतदान करणारे सहा जण: तीन मालकांचे, तीन खेळाडूंच्या संघटनेचे. समोर अपंगत्वाच्या रकमेसाठीचा वेब्स्टरचा अर्ज आणि डॉक्टरांचे अहवाल, त्यात मंडळानेच नेमलेल्या डॉक्टराचाही. निर्णय होतो: अर्जदार पूर्णपणे आणि कायमचा अपंग आहे. योजनेच्या संचालकांनी त्याच्या वकिलाला पुढे लेखी कळवलं की हे अपंगत्व फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे आहे. ओमालूंच्या हातात मेंदू यायला तेव्हा अजून अवकाश होता. भांडण फक्त तारखेवर राहिलं. मंडळ म्हणालं, अपंगत्व निवृत्तीनंतर काही वर्षांनी आलं, म्हणजे रक्कम कमी. कुटुंब म्हणालं, 1991 मध्ये मैदान सोडलं तेव्हाच ते होतं. 2005 मध्ये न्यायालयाने कुटुंबाचं म्हणणं मान्य केलं, डिसेंबर 2006 मध्ये अपिलातही तेच टिकलं, आणि 15 लाख डॉलरहून अधिक रक्कम वारसांना मिळाली. वेब्स्टरला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

ते पत्र लोकांसमोर यायला 2012 उजाडलं. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेससमोर मान्य केलं 2016 मध्ये. म्हणून लीगला आधी ठाऊक नव्हतं असं कोणी तुम्हाला सांगू लागलं, तर त्याला बाल्टिमोरच्या त्या निर्णयाचं साल सांगा: 1999.