'वतन'चे दोन अर्थ : बॅरिस्टर आंबेडकर आणि जमिनीची लढाई

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला 'वतन' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे देश येतो, झेंडा येतो. जुन्नर-आंबेगावच्या गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'वतन' म्हणून पाहा, त्याला सातबारा आठवतो. शब्द एकच, अरबीतून आलेला. पण गावकीत त्याचा अर्थ झाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी.

या चाकरीविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिलेले वकील म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. मुंबई प्रांताच्या राजकारणातले, जमिनीचा कायदा कोळून प्यालेले आंबेडकर मात्र आपल्या मुलांना फारसे माहीत नसतात.

१९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागले. आपल्या पुण्यातही त्यांचा एक खटला गाजला. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे, जवळकर, बागडे आणि लाड यांना शिक्षा झाली होती. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि १९२६ साली चौघेही सुटले.

१९२७ पासून ते मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते. त्याच वर्षी सरकारने जमिनीचे लहान तुकडे एकत्र करण्याचं बिल आणलं. ऐकायला गोष्ट चांगली वाटते. आंबेडकरांनी विरोध केला. तुकडा लहान म्हणून काढून घेतला तर तो कसणारा जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. शेतीवरची जादा माणसं उद्योगांत गेली नाहीत तर नुसते बांध पुसून दारिद्र्य पुसलं जाणार नाही, असं ते १९१८ च्या निबंधापासूनच मांडत आले होते.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतनावरच बोट ठेवलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल त्यांनी मांडलं. महार वतनदाराने सरकारी कामं करायची, निरोप न्यायचे, पाटला-तलाठ्याच्या दिमतीला राहायचं. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही. मोबदला म्हणजे थोडीशी जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचं बलुतं. जमीन धरून ठेवायची तर गुलामी सुटत नाही, गुलामी सोडायची तर जमीन जाते. आंबेडकर म्हणाले, पूर्ण सारा घ्या, जमीन रयतावा करा आणि माणसाला चाकरीतून सोडा. बलुत्याऐवजी रोख पैसे सरकारनेच वसूल करून द्यावेत. विरोध एवढा झाला की १९२९ मध्ये त्यांना बिल मागे घ्यावं लागलं.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. कोकणातला खोत कुळांकडून वसूल करी, सरकारचा ठरलेला सारा भरी आणि उरलेलं स्वतः ठेवी. वर वेठबिगार वेगळी. खोताला योग्य भरपाई द्या आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, अशी बिलातली मागणी होती. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. काँग्रेसचं बहुमत असलेल्या सभागृहात बिल पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

आता आपल्याबद्दल. खोतांमध्ये चित्पावन होते, मराठे होते, प्रभू होते, तसे कोकणी मुसलमानही होते. ही गोष्ट आपण लपवू नये. आणि दुसरीही विसरू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला मंडप घालायला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. जमीन माणसाला वेठीला धरते आणि जमीनच आधारही देते. मालक कसा आहे यावर ते ठरतं.

आपल्या भागातला मुलाणीही गावगाड्यातलाच. त्यालाही बलुतं होतं, गावाची ठरलेली कामं होती. आपण सगळे सरदारांचे वंशज, असं जुन्नरमध्ये मलिक अंबरचं नाव घेऊन सांगणारे भेटतात. मलिक अंबरचं नाव जरूर घ्यावं. तो स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता आणि त्याने दख्खनमध्ये जमीन महसुलाची शिस्त लावली. पण आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज दरबारात नव्हते, बलुत्याच्या रांगेत होते. त्या रांगेतून वतनाकडे पाहिलं की आंबेडकर 'त्यांचे' राहत नाहीत.

कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जमिनी नवीन शर्तीने परत दिल्या गेल्या. म्हणून आजही सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसतं, महार वतनाला 'इनाम वर्ग ६ ब' म्हणतात आणि परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. रस्ते आले, भाव चढले, तसे या जमिनींभोवती दलाल फिरू लागले. अडाणी वारसाकडून कागदावर अंगठा घेणाऱ्यांत आपलेही लोक असतात. मशिदी-दर्ग्यांच्या इनाम जमिनींवर कुणी डोळा ठेवला की आपण संतापतो. तोच संताप शेजारच्या वतन जमिनीसाठी यायला हवा.

यंदा 'वतन' शब्द आला की मी मुलांना दोन्ही अर्थ सांगणार आहे. आणि घरचा सातबारा एकदा वाचून यायला सांगणार आहे.