ऑक्सफर्ड हाउस

ऑक्सफर्ड हाउस : दारू किंवा अमली पदार्थ सोडलेल्या व्यक्तींनी भाड्याच्या घरात एकत्र राहून स्वतःच चालवलेल्या निवासांची अमेरिकेतील साखळी. ‘सोबर होम’ (व्यसनमुक्त राहण्याच्या अटीवरचे सामायिक घर) या व्यापक प्रकारात ती मोडते. मात्र येथे डॉक्टर, समुपदेशक किंवा वॉर्डन नसतो आणि उपचारही होत नाहीत.

स्थापना : १९७५, सिल्व्हर स्प्रिंग (मेरिलंड). माँटगोमेरी काउंटीचे एक हाफवे हाउस (उपचारानंतरचा तात्पुरता निवास) बंद होणार होते, तेव्हा तेथील रहिवाशांनी घराचा भाडेकरार आपल्याकडे घेतला. पुढाकार पॉल मलॉय (मृत्यू २०२२) या वकिलाचा. तेही तेथे रहिवासीच होते. आधीच्या व्यवस्थेत सहा महिन्यांनी घर सोडावे लागे आणि बाहेर पडलेले अनेकजण पुन्हा पिऊ लागत, म्हणून नव्या घराने मुदतच काढून टाकली. नाव ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीवरून घेतले. अल्कोहॉलिक्स अनॉनिमस या मद्यमुक्ती संघटनेच्या संस्थापकांवर तिचा प्रभाव होता.

कारभार : अटी तीन. निर्णय मतदानाने घ्यायचे, खर्च रहिवाशांनी वाटून घ्यायचा, आणि जो पुन्हा व्यसन करील त्याला तत्काळ बाहेर काढायचे. नव्या माणसाला ८० टक्के मते मिळाली तरच खोली मिळते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार रहिवाशांतूनच निवडतात. एका पदावर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहता येत नाही. बैठक दर आठवड्याला. स्त्रियांची व पुरुषांची घरे वेगळी. व्यसनावरील उपचारासाठी मेथॅडोनसारखी औषधे घेणाऱ्यांच्या प्रवेशाबाबत सर्व घरांचे धोरण सारखे राहिलेले नाही.

कायदा : १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने अशी घरे सुरू करण्यासाठी राज्यांना किमान एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवायला लावला, एका घराला चार हजार डॉलरपर्यंत कर्ज, फेड दोन वर्षांत. पुढे ही तरतूद ऐच्छिक झाली. १९८८ मध्येच गृहनिवास-समानता कायद्याचे संरक्षण अपंगांना मिळाले आणि व्यसनातून सावरलेले त्यात आले. सध्या बेकायदा अमली पदार्थ घेणारे मात्र वगळले गेले. घरातील हकालपट्टीचा नियम या कायद्याहून जुना असला तरी त्याच्याशी नेमका जुळतो.

या संरक्षणाची खरी कसोटी एडमंड्स (वॉशिंग्टन राज्य) येथे लागली. तेथे एककुटुंबी घरांच्या वस्तीत १० ते १२ प्रौढांचे ऑक्सफर्ड हाउस सुरू झाले. रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा विवाहाच्या नात्याने बांधलेली कितीही माणसे म्हणजे कुटुंब, परक्यांची मर्यादा मात्र पाच, असा नगराचा नियम होता. नगराने घरमालक आणि एका रहिवाशावर फौजदारी कारवाई सुरू केली. घरात किती माणसे राहावीत यावरील वाजवी मर्यादांना गृहनिवास-समानता कायद्यात सूट आहे; आपला नियम त्याच सुटीत बसतो, हा नगराचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९९५ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो फेटाळला. नातेवाईक कितीही चालत असतील, तर हा नियम गर्दी रोखण्यासाठी नसून कुटुंब कोणाला म्हणावे हे ठरवण्यासाठी आहे, असे न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले. न्या. थॉमस यांच्या विरोधी मताला न्या. स्कॅलिया व न्या. केनेडी यांची साथ होती. नगराने भेदभाव केला की नाही, हा प्रश्न न्यायालयाने खालच्या कोर्टांवर सोडला. निकाल उद्धृत करताना ही बाब अनेकदा गाळली जाते.

संशोधन : डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन व सहकाऱ्यांनी उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून दोन वर्षे पाहणी केली (प्रसिद्धी २००६). ऑक्सफर्ड हाउसला पाठवलेल्यांपैकी ३१.३ टक्क्यांनी पुन्हा व्यसन केले. नेहमीच्या पाठपुराव्यावर सोडलेल्यांत हे प्रमाण ६४.८ टक्के होते. कमी खर्चात साधलेला हा फरक लक्षणीय आहे.

इतर सोबर होम : बहुतेक ठिकाणी मालक वा व्यवस्थापक असतो. ॲरिझोनात २०२३ मध्ये अशा घरांशी जोडलेल्या सरकारी आरोग्यनिधीच्या गैरव्यवहारांवर कारवाई झाली. त्यात मूळनिवासी मोठ्या प्रमाणात फसवले गेले होते.

महाराष्ट्र : पुण्यातील मुक्तांगण (स्थापना १९८६) हे उपचारकेंद्र असल्याने या प्रकारात धरलेले नाही.